हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली

मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये दिवसभर पर्यटकांचा राबता असतो. कात्रीने कापून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपं, समोरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, तिथून दिसणारी मरीन ड्राइव्हची कमान. फोटो काढून झाले की मंडळी पुढच्या ठिकाणाकडे निघतात. आपण फिरलो ती बाग एका अजस्र टाकीच्या छतावर आहे, हे मात्र त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

या टाकीत १४७ दशलक्ष लिटर पाणी मावतं. रस्त्यावर दिसणारा मोठा टँकर १०,००० लिटरचा धरला तर १४,७०० टँकर. कुलाबा, फोर्ट, गिरगाव, ग्रँट रोड, ताडदेव या भागांत सकाळी नळाला येतं ते पाणी इथूनच उतरतं. सुमारे १४० वर्षांपूर्वी बांधलेली ही टाकी आजही रोज भरते आणि रोज रिकामी होते. बागेचं अधिकृत नाव फिरोजशहा मेहता उद्यान.

टाकीवर बाग कशाला केली? शेजारीच पारशी समाजाची दख्मा आहे, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याची जागा. तिथल्या गिधाडांपासून पाणी सुरक्षित राहावं म्हणून ते झाकलं, असं सांगितलं जातं. त्यात तथ्य किती हा भाग सोडला तरी पिण्याचं शुद्ध पाणी उघडं ठेवायचं नाही हा साधा नियम आहे. ऊन लागलं की शेवाळ धरतं, पक्ष्यांची विष्ठा पडते, धूळ बसते आणि पाण्यातलं क्लोरीनही उडून जातं. छत घातलं, वर माती पसरली की खालचं पाणी थंड आणि अंधारात राहतं. पण छतावर मातीचा थर जाड ठेवता येत नाही. वजन वाढतं, आणि मोठ्या झाडांची मुळं बांधकामात शिरतात. हिरवळ आणि झुडपं यांवरच ही बाग का उभी आहे, ते इथे कळतं. माळ्याच्या हौसेइतकाच त्यात टाकीचा विचार आहे.

अशीच दुसरी बाग माझगावला आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरलं की समोरच्या भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान लागतं. तेही टाकीवरच आहे. एकेकाळी या टेकडीवर माझगावचा किल्ला होता. वर गेलं की बंदर, गोदी आणि हार्बर लाइनच्या गाड्या एका नजरेत दिसतात. गर्दी फारशी नसते, त्यामुळे हँगिंग गार्डनपेक्षा हीच बाग आधी बघावी असं आम्ही सुचवू.

दोन्ही टाक्या टेकडीवरच का, याचं उत्तर शाळेतल्या विज्ञानात आहे. पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर नळाशी साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब मिळतो. २० मीटर असेल तर दुप्पट. पंप लावून पाणी एकदा टेकडीवर चढवलं की पुढचं काम उतारच करतो, वीज गेली तरी. शहरभर अशा सेवा टाक्या आहेत आणि जवळजवळ सगळ्या उंचवट्यावर आहेत.

समुद्र तिन्ही बाजूंना, प्यायला मात्र विहिरी

मुंबईच्या सात बेटांवर बारमाही नदी नव्हती. पावसाळ्यात जे पडेल ते विहिरीत आणि तलावात साठवायचं आणि जूनपर्यंत पुरवायचं, हा शतकानुशतकांचा क्रम. तरी काही विहिरी समुद्राला खेटून असूनही गोड्या राहिल्या. चर्चगेटहून फ्लोरा फाउंटनकडे जाताना क्रॉस मैदानाच्या टोकाला भिका बेहरामची विहीर आहे. १७२५ साली खोदलेली. पारशी भाविक आजही तिथे दिवा लावून प्रार्थना करतात. आत फक्त पारशांनाच प्रवेश आहे, त्यामुळे इतरांनी ती रस्त्यावरून पाहावी. वाळकेश्वरचं बाणगंगा तलाव तर त्याहून जुनं. रामाने बाण मारून पाणी काढलं ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. तलाव शिलाहारांच्या काळातला मानला जातो, आणि १७१५ मध्ये रामा कामत यांच्या देणगीतून इथलं देऊळ पुन्हा उभं राहिलं. पायऱ्यांवर बसलं की समुद्राचा वारा लागतो, आणि समोरचं पाणी गोडं.

हे कसं होतं? गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर गोडं पाणी एक किलो भरतं, समुद्राचं साधारण १,०२५ ग्रॅम. पावसाचं पाणी जमिनीत मुरलं की ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत राहतं. विहीर त्या सायीपुरतीच खोदली आणि उपसा बेताचा ठेवला तर पाणी गोडं मिळतं. अधाशासारखा उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर बिघडते. मग पुढचे कित्येक पावसाळे जावे लागतात. किनाऱ्याजवळच्या सोसायट्यांच्या बोअरवेलचं पाणी काही वर्षांत मचूळ का होतं, त्याचं हेच कारण. कोकणात आणि गोव्यात समुद्रालगतच्या वाड्यांना हे अनुभवाने माहीत असतं.

जुने तलाव आज फक्त नावांत उरले आहेत. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल टँक, बाबुला टँक, दो टाकी. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक जिथून दिली गेली ते मैदान गोवालिया टँकच. नळाचं पाणी आल्यावर तलावांची गरज संपली आणि त्यांत डास होऊ लागले. हिवतापाच्या साथींनंतर १९११ च्या सुमारास विहिरी आणि टाक्यांकडे पालिकेचं लक्ष गेलं. स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढणारा ॲनॉफिलीस डास घरोघरच्या विहिरींत सापडत होता. त्यातून विहिरी बुजवण्याचा आणि झाकण्याचा सपाटा सुरू झाला. दक्षिण मुंबईतल्या कित्येक जुन्या इमारतींच्या चौकात आजही झाकलेली विहीर आढळते. जाळीचं किंवा पत्र्याचं झाकण, वर तुळशीची कुंडी.

विहारपासून भातसापर्यंत

नळाचं पाणी १८६० मध्ये आलं. हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार मिठी नदीच्या उगमाशी बांध घालून विहार तलाव तयार केला आणि लोखंडी नळाने पाणी शहरात आणलं. चारच वर्षांनी, १८६४ मध्ये, किल्ल्याच्या चर्च गेटपाशी फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. ज्या शहरात प्यायला पाणी पुरत नव्हतं तिथे शोभेचं कारंजं चालू शकतं, ही त्या काळी केवढी नवलाई असेल!

पुढे तुळशी १८७९ मध्ये, तानसा १८९२ मध्ये आणि वैतरणेवरचं मोडकसागर १९५७ मध्ये. मुंबई पालिकेचे नगर अभियंता ना. वि. मोडक यांचं नाव या धरणाला आहे. नंतर अप्पर वैतरणा आणि भातसा. शेवटचं मध्य वैतरणा २०१४ मध्ये, शंभर मीटरहून उंच. वैतरणेची तीन धरणं एकाच नदीवर एकाखाली एक आहेत, म्हणजे वरच्यातून सोडलेलं पाणी खालच्यात येतं.

दर जुलैमध्ये बातमी येते, "तुळशी तलाव भरून वाहू लागला". व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात, आणि आता पाण्याची चिंता मिटली असं वाटतं. ही बातमी नीट वाचायला आकडे हवेत. वापरता येण्याजोगा साठा दशलक्ष लिटरमध्ये असा आहे: भातसा ७,१७,०३७, अप्पर वैतरणा २,२७,०४७, मध्य वैतरणा १,९३,५३०, तानसा १,४५,०८०, मोडकसागर १,२८,९२५, विहार २७,६९८ आणि तुळशी ८,०४६. सगळे मिळून १४,४७,३६३.

शहराला रोज सुमारे ३,९५० दशलक्ष लिटर दिलं जातं. आता भागाकार करा. काठोकाठ भरलेला तुळशी तलाव संपूर्ण शहराला दोन दिवस पुरेल. विहार सात दिवस. भातसा एकटाच सहा महिने. म्हणून पावसाळ्यात नजर ठेवायची ती भातसावर. बोरिवलीच्या जंगलातले तलाव भरले तरी शहापूर आणि इगतपुरीकडे पाऊस झाला नसेल तर काळजी तशीच राहते. दादरला गुडघाभर पाणी तुंबलं असताना पाणीकपात चालू असते, त्यातला विरोधाभास इथे सुटतो. विहार आणि तुळशीत जमतो तेवढा सोडला तर मुंबईत पडलेला पाऊस मुंबईच्या नळाला येतच नाही, तो गटारातून समुद्रात जातो.

सातही तलावांच्या बेरजेला रोजच्या पुरवठ्याने भागलं तर ३६६ येतात. म्हणजे सगळं भरलं तर बरोबर एक वर्ष, त्यात शिल्लक काही नाही. म्हणूनच १ ऑक्टोबरला किती साठा आहे यावर पुढच्या उन्हाळ्याचं भवितव्य ठरतं. २०२४ मध्ये साठा खालावल्यावर ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली.

धरणातून टाकीपर्यंत

पाणी दोन वाटांनी येतं. वैतरणा आणि तानसाचं पाणी उताराने, मोठ्या नळांतून आणि जलबोगद्यांतून भांडुपला पोचतं. त्याला पंपाची गरज फारशी पडत नाही. भातसाचं तसं नाही. धरणातून सोडलेलं पाणी भातसा नदीतून वाहत पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून पंपाने उचलून पांजरापूरला नेलं जातं आणि शुद्ध करून पुढे पाठवलं जातं. शहराचा मोठा हिस्सा असा पिसेच्या पंपांवर अवलंबून असल्याने तिथली वीज तासभर गेली तरी दुसऱ्या दिवशी कुठे कमी दाब, कुठे पाणीच नाही अशी स्थिती होते. बंधाऱ्याची दारं रबरी फुग्यांवर चालतात. मार्च २०२४ मध्ये त्यातल्या एका फुग्याला गळती लागली आणि दुरुस्तीसाठी पातळी खाली आणावी लागली. एका रबरी फुग्याचा परिणाम मुंबईपर्यंत जाणवला.

शुद्धीकरणाची पद्धत समजायला अवघड नाही. धरणाच्या पाण्यात मातीचे कण इतके बारीक असतात की ते आपोआप तळाशी बसत नाहीत, कारण त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी किंवा पॉलिअल्युमिनियम क्लोराइड घातलं की तो भार नाहीसा होतो. मग पाणी सावकाश ढवळलं की कण एकमेकांना चिकटून कापसाच्या बोळ्यांसारखे होतात आणि तळाशी बसतात. वरचं पाणी वाळूच्या थरांतून जातं. शेवटी क्लोरीन. ढवळण्याचा वेग महत्त्वाचा. जोराने ढवळलं तर तयार झालेले बोळे फुटतात. आपण घरी माठात तुरटी फिरवतो तेव्हाही हळू फिरवायची असते, ती याचसाठी.

क्लोरीन मुद्दाम थोडं जास्त घालतात, कारण ते वाटेत खर्च होत जातं. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून लोक तक्रार करतात, पण हलका क्लोरीनचा वास म्हणजे पाण्यात राखणदार शिल्लक असल्याची खूण आहे. घडा अर्धा तास उघडा ठेवला की वास बराचसा उडतो.

भांडुपहून पाणी शहरातल्या टेकड्यांवरच्या टाक्यांत चढतं, आणि मलबार हिलहून जमिनीखालच्या जलबोगद्याने क्रॉस मैदानाकडे उतरतं. वर क्रिकेट चालू असतं, खाली खडकातून पाणी वाहत असतं. रस्त्यालगतच्या नळांपेक्षा बोगदे खर्चिक, पण त्यांना गळती कमी आणि चोरून जोडणी घेणं अशक्य. ते महत्त्वाचं आहे, कारण मुंबईत चोरी आणि गळतीने जाणारं पाणी पाव ते एक तृतीयांश असल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं जातं.

चावीवाला

मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक तासच येतं. कुणाकडे पहाटे चार ते सहा, कुणाकडे रात्री. एका वेळी सगळ्या शहराला दाबाने देण्याइतकं पाणी आणि तेवढ्या जाडीचे नळ नाहीत, म्हणून विभाग पाळीपाळीने उघडले जातात. हे काम करणाऱ्याला सगळे चावीवाला म्हणतात. हातात कमरेइतकी लांब लोखंडी चावी, वर आडवा दांडा. रस्त्यावरचं गोल झाकण उचलायचं, खड्ड्यातल्या झडपेच्या टोकावर चावी बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. झडप झटक्यात उघडायची नसते. रिकाम्या नळात पाणी एकदम घुसलं तर आतल्या हवेला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, आणि झटक्यात बंद केलं तर वाहत्या पाण्याचा आघात होऊन जुना सांधा फुटतो. जुन्या वस्त्यांत कोणती झडप किती आटे उघडली की शेवटच्या चाळीपर्यंत पाणी चढतं, हे ज्ञान पुष्कळदा नकाशापेक्षा चावीवाल्याच्या डोक्यात पक्कं असतं. पर्यटकांना ही माणसं दिसत नाहीत, कारण त्यांचं काम पहाटेच आटोपतं.

पाणी काही तासच येण्याचे दोन परिणाम आहेत. पहिला, प्रत्येक इमारतीला तळाशी एक आणि गच्चीवर एक अशा दोन टाक्या लागतात. खालची टाकी नळाच्या दाबावर भरते, वरची पंपाने.

दुसरा परिणाम आरोग्याचा आहे. पुरवठा बंद झाला की नळातलं पाणी उताराकडे ओघळतं आणि मागे पोकळी होते. जवळून सांडपाण्याचं गटार जात असेल आणि सांधा सैल असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पुरवठा सुरू झाला की तेच आधी घरात येतं. कुणी थेट पालिकेच्या नळाला पंप लावून पाणी खेचत असेल तर ओढ आणखी वाढते आणि त्रास शेजाऱ्याला होतो. म्हणून तसं करणं बेकायदा आहे. उपाय घरच्या घरी करता येतो: पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते बादलीत घेऊन धुण्या-पुसण्याला वापरावं, नितळ झाल्यावर पिण्याचं भरावं. पहिल्या पावसात आणि दुरुस्तीनंतर पालिका "पाणी गाळून, उकळून प्या" असं सांगते ते मनावर घ्यावं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. क्रम मात्र आधी गाळणं, मग उकळणं असाच हवा.

दहा टक्के कपात सगळ्यांना दहा टक्केच का बसत नाही, तेही यातून समजतं. समजा दोन तासांचा पुरवठा आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटं रिकामे नळ भरण्यातच जातात आणि टोकाच्या घरांना पाणी त्यानंतर पोचतं. बारा मिनिटं कापली की टाकीजवळच्या इमारतीला फरक कळतही नाही, पण टोकाच्या वस्तीच्या वाट्याचा तो मोठा तुकडा असतो. टेकडीवरच्या झोपडपट्ट्यांत दाब आधीच कमी, तिथे हंडे भरायचे राहून जातात.

याहून बोचणारी गोष्ट धरणांच्या काठावरची आहे. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. पाडे उंचावर, धरणाचं पाणी खाली दरीत. ते वर चढवायला योजना आणि वीज लागते. शिवाय सह्याद्रीचा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे पाऊस धो धो पडूनही विहिरी मार्चमध्ये तळ गाठतात. मुंबईकडे जाणाऱ्या जाडजूड नळाशेजारून बायाबापड्या हंडा घेऊन चालताना दिसतात. मुंबईच्या पाण्याबद्दल बोलताना या पाड्यांचं नाव घेतलंच पाहिजे.

एका सकाळी बघायचं असेल तर

रविवारी सकाळी सातला बाणगंगेपासून सुरुवात करावी. पायऱ्या निसरड्या असतात, चपला जपून. तिथून चढ चढून हँगिंग गार्डन, साधारण अर्धा-पाऊण तास चाल. मग टॅक्सी किंवा बसने सी. पी. टँक, आणि पुढे पायी धोबी तलाव. तिथे तलाव शोधू नये, तो कधीच बुजला. क्रॉस मैदानाच्या टोकाला भिका बेहरामची विहीर, आणि पाच-सात मिनिटांवर फ्लोरा फाउंटन. रविवारी फोर्टात वाहनं कमी असल्याने कारंज्याचं कोरीवकाम निवांत पाहता येतं.

शेवट प्याऊपाशी करावा. नळाचं पाणी आल्यावर धनिकांनी रस्त्यावर वाटसरूंसाठी दगडी पाणपोया बांधल्या. फोर्टातलं रतनसी मुळजी जेठांचं कारंजं व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रतनसींच्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ रचलं. मशीद बंदरकडे गेलं तर १८७६ चं केशवजी नाईक यांचं घड्याळाचं प्याऊ आहे. अशा प्याऊपाशी जरा वाकून बघावं. माणसांच्या ओंजळीच्या उंचीवर तोट्या असतात, आणि त्याखाली कुठे कुठे जमिनीलगत उथळ दगडी कुंड कोरलेलं असतं. ओंजळीतून सांडलेलं पाणी त्यात साठायचं आणि टांग्याचे घोडे, बैल ते प्यायचे.